गच्चीवर सोलर बसवलं तर मुंबईतल्या १२ ऑक्टोबर २०२० सारख्या ब्लॅकआउटमध्ये सोसायटीला वीज मिळेल का?

नाही मिळणार. बॅटरी नसेल तर अजिबात नाही, आणि तुम्हाला कोटेशन देणारा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की कमिटी म्हणते "सोलर आलं की आपण स्वतंत्र झालो". हेच वाक्य मी आमच्या वार्षिक सभेत ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मुलुंडला, सातव्या मजल्यावर. सासरे सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या आजाराचे) जुने पेशंट, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या विजेच्या मशीनवर, मिनिटाला दोन लिटरवर असायचे. कोरोना जोरात होता, हॉस्पिटलची पायरी चढायची नाही हे घरात सगळ्यांचं ठरलेलं. त्या १२ ऑक्टोबरला सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमारास लाईट गेली आणि मशीनने तो लांब बीप सुरू केला. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांना तो आवाज माहीत आहे, झोपेतून उठवतो माणसाला. ह्युमिडिफायरच्या बाटलीतले बुडबुडे थांबले. दाराच्या मागे बी टाइप सिलेंडर उभा होता, चावी फिरवली, फ्लोमीटरची गोळी दोनवर आणली, नळी बदलली, बुडबुडे परत सुरू झाले. तेवढ्या वेळात ऑक्सिमीटर ९३ वरून ८७ वर आला होता. बाबा काही बोलले नाहीत, माझा हात तेवढा धरून ठेवला होता.

आता हिशोब. बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर, दोन लिटरने कागदावर बारा तास. पण गेज भरलेला दाखवत नव्हतं. सिलेंडरवाल्याचा फोन लागेना, मोबाईलची रेंज येत-जात होती, नवरा अत्यावश्यक सेवेत म्हणून लोकलने निघालेला तो ट्रॅकवरच अडकला, लिफ्ट बंद, पंप बंद म्हणजे थोड्या वेळाने पाणीही बंद. लाईट कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं आणि माणूस सगळ्यात जास्त त्यानेच हैराण होतो. एक तास आहे की एक दिवस हे कळलं तर मी दोनचं दीड करायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवू शकते, नाही कळलं तर नुसती काट्याकडे बघत बसते.

शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवून खाली गेले तर गेटपाशी आमचे खजिनदार वॉचमनवर ओरडत होते की वर सोलर असताना लिफ्ट का चालत नाही. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, गच्चीवर पॅनेलची रांगच्या रांग, आणि वीज शून्य.

कारण साधं आहे. नेट मीटरिंगवाला, म्हणजे जास्तीची वीज बाहेर परत देणारा इन्व्हर्टर ग्रिडकडे, म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्याकडे बघून चालतो. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तो ग्रिडकडून घेतो, ग्रिड गेला की त्याला बंद पडावंच लागतं, नियमच आहे तसा, नाहीतर बंद समजून लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. त्यात बिघाड काही नाही, तो बनवलाच तसा आहे. अंधारात चालायचं असेल तर ग्रिडशिवायही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, बॅटरी लागते, आणि जे चालू ठेवायचंय त्याचं वायरिंग वेगळं काढावं लागतं.

हे सगळं मी पॅनेल बसायच्या आधी सभेत मांडलं होतं. पूर्ण बिल्डिंग नको, एक लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि तळमजल्यावर एक इमर्जन्सी पॉइंट, ज्याच्या घरी मशीन आहे तो तिथे आणून लावेल. खजिनदार म्हणाले, "ताई, ही मुंबई आहे. २०१२ ला अर्धा देश अंधारात होता तेव्हाही आपले पंखे चालू होते. बॅटरीत पैसे कशाला घालायचे?" सगळ्यांनी माना हलवल्या, ठराव विनाबॅटरीचा पास झाला, कॉमन बिल कमी आलं आणि सगळे खूश.

त्यांची माहिती बरोबर होती. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, मग पूर्व आणि ईशान्येचा ग्रिड कोसळला, ६० कोटींहून जास्त लोकांचा भाग अंधारात गेला आणि आपला पश्चिम ग्रिड वाचला. पण एकदा वाचलो म्हणून कायम वाचू असं थोडंच असतं! मुंबईचा भरवसा आयलँडिंगवर होता. बाहेरचा ग्रिड ढासळला की शहराने आपोआप सुटं व्हायचं, थोडा लोड तोडायचा, आणि ट्रॉम्बे आणि डहाणूची वीजकेंद्रं, टाटांचं खोपोली-भिवपुरी-भिराचं हायड्रो (पाण्यावरची वीज) यांच्यावर तग धरायचा. त्या दिवशी ते टिकलं नाही. राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलं की शहराला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा ४०० केव्हीच्या एका सर्किटचं काम चालू होतं, लोड दुसऱ्यावर होता, त्यात बिघाड झाला. एवढ्याने शहर बसतं, कारण बाहेरून वीज आत यायला लाईनी मोजक्या आणि आतली निर्मिती त्या वेळी मागणीच्या मानाने कमी. आणि आत कमी का, तर बाहेरची वीज स्वस्त पडते. जे आमच्या सभेत झालं तेच शहराच्या पातळीवर झालं, रोजचं बिल कमी दिसतंय ना, मग एरवी रिकामं उभं राहणाऱ्या गोष्टीला कोण पैसे देणार.

पुढे २०२१ मध्ये या ब्लॅकआउटमागे चिनी हॅकर असल्याची बातमी आली, राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले घातपात असू शकतो, तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. माझं मत विचाराल तर हॅकरवर चर्चा करणं सगळ्यांना सोयीचं आहे, कारण मग मुंबईत वीज आणणारी नवी लाईन का रखडली हे कोणी विचारत नाही. खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही लाईन कित्येक वर्षं अडकून शेवटी २०२३ ला चालू झाली. एकाच दाराच्या घराला दुसरं दार काढायला इतका वेळ लागावा का?

ऊर्जासुरक्षा म्हटलं की लोक कोळशाचा साठा आणि आयात गॅस यावर बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण १२ ऑक्टोबरला देशात कोळसा संपला नव्हता. वीज होती, ती आमच्यापर्यंत येत नव्हती, आणि आमच्या डोक्यावर तयार होऊ शकणारी वीज आम्हाला वापरता येत नव्हती.

त्या दिवशी आमचं निभावलं ते बी विंगमधल्या एका कुटुंबामुळे. त्यांच्याकडे भरलेला सिलेंडर पडून होता, दोन कॉलेजच्या पोरांनी तो सात मजले खांद्यावर चढवला. लाईट संध्याकाळी आली. शहराच्या बऱ्याच भागात दुपारीच आली होती, आमच्या बाजूला वेळ लागला.

तर तुमच्या सोसायटीसाठी: सोलर जरूर लावा, मी विरोधात नाही, बिल खरंच कमी होतं. पण सभेत "ग्रिड बंद असताना काय काय चालेल आणि किती तास" हे वेंडरकडून लेखी घ्या आणि मिनिट्समध्ये टाका. "बॅकअप रेडी" वगैरे शब्दांवर जाऊ नका, त्याचा अर्थ पुढे कधीतरी बॅटरी जोडता येईल इतकाच असू शकतो. आणि कोणाच्या घरी मशीनवर माणूस आहे त्याची यादी सेक्रेटरीकडे ठेवा, याला एक रुपया लागत नाही, तरी आमच्याकडे नव्हती.

घरात पेशंट असेल तर सोसायटीची वाट बघू नका. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट खातो, घरचा चांगला साइन वेव्ह इन्व्हर्टर तो काही तास ओढतो, पण पंखे-फ्रिज त्याच्यावर टाकू नका. सिलेंडर तरी हवाच, आणि त्याचं गेज दर आठवड्याला बघा. हां, मी इंजिनिअर नाही, किती किलोवॅट लागेल हे तुमचा लोड बघून माहितगार माणसाकडूनच काढून घ्या. बॅटरी कुठे ठेवायची त्यासाठी फायरवाल्यांना विचारा, बंद मीटर रूममध्ये कोंबू नका.

आमच्याकडे त्यानंतरच्या सभेत मी तोच प्रस्ताव शब्दही न बदलता परत ठेवला. खजिनदार म्हणाले आता खर्च वाढलाय. वाढणारच, पहिल्यांदा मांडला तेव्हाच पास केला असता तर पॅनेलबरोबरच वायरिंग झालं असतं.