तुझा क्लोज झाल्यावर तू कुठे जातेस?

तुझी साडेसहा मिनिटांची व्हॉइस नोट दोनदा ऐकली. पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकली तेव्हा अर्धी कळलीच नाही, मग रात्री घरी परत लावली. मला उलट व्हॉइस नोट पाठवणं जमत नाही, बोलायला लागलो की माझं मलाच नाटकी वाटतं, म्हणून टाइप करतोय. चुका सांभाळून घे.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. वय सव्वीस आणि सिरियलमध्ये तू मोठी जाऊ. पुढच्या महिन्यात लीप येतोय, गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारणार, म्हणजे केसांना पांढरा स्प्रे आणि एकदम कॉलेजात जाणारा मुलगा. आठ महिन्यांत वाक्यं कमी, रिअ‍ॅक्शनच जास्त, ढणढण म्युझिक, तीनदा झूम आणि तू डोळे मोठे करून उभी. "काका, मी सेटवरचं फर्निचर झालेय." हे म्हणताना रडलीस. मग विचारलंस, सोडू का?

ते नंतर बघू. आधी मला हे सांग, तुझा क्लोज, म्हणजे एकट्या तुझ्या चेहऱ्याचा शॉट, झाल्यावर तू कुठे जातेस?

कारण मागच्या मंगळवारी मी होतो तिथे, सिरियलमधल्या तुझ्या सासऱ्यांच्या मित्राचं ते दोन दिवसांचं काम करायला. तुझा क्लोज आधी लावला, छान केलास, खरंच छान, आणि ओके म्हटल्याबरोबर मोबाईल घेऊन तू मेकअप रूममध्ये. नंतर धाकट्या जावेचा क्लोज लागला तेव्हा तुझी वाक्यं असिस्टंट वाचत होता. एका हातात स्क्रिप्ट, दुसऱ्या हातात वडापाव, आणि "मी तुला कधीच माफ करणार नाही" हे त्याने किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचलं. त्यावर त्या पोरीने रडायचं होतं. पाच टेक झाले, शेवटी ग्लिसरीन घातलं.

फर्निचर म्हणतेस ना स्वतःला? अगं फर्निचर निदान जागेवर तरी असतं.

चिडलोय असं वाटेल. आहेच थोडा. पण आपल्यासारख्या कॅरेक्टर करणाऱ्यांचं मूळ काम काय तर समोरच्याला क्यू देणं. कॅमेरा आपल्यावर असो नसो, उभं राहायचं, लुक द्यायचा, वाक्य पूर्ण जीव ओतून द्यायचं, आणि आपलं वाक्य नसेल तर ऐकायचं, तेही क्यू देणंच आहे. बाकी सगळं, तो स्प्रे, तो लीप, पोस्टरवर कोण कुठे उभं, हे दुसऱ्यांच्या हातात.

'शोले'मधला सांबा आठव. मॅकमोहन आख्खा सिनेमाभर खडकावर बंदूक घेऊन बसलेत आणि वाट्याला काय, तर गब्बरने विचारायचं सरकारने किती इनाम ठेवलंय आणि यांनी आकडा सांगायचा. तो आकडा ज्या आवाजात येतो त्याने गब्बर मोठा होतो. १९७५ चा सिनेमा, लोक अजून सांबाला विसरले नाहीत. त्याच साली आपल्याकडे 'सामना' आला. मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न डॉक्टर श्रीराम लागूंचा, पण तो आपल्याला टोचतो कुठे? निळूभाऊ फुलेंच्या चेहऱ्यावर. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, सगळं गाव मुठीत, आणि हा दारुडा मास्तर काहीतरी विचारतोय, ते ऐकताना त्या माणसाच्या नजरेत काय काय होतं ते बघ. आणि 'सिंहासन' तर परत परत बघ, १९७९ चा. निळूभाऊंचा दिगू पत्रकार सिनेमाभर मुख्यत्वे ऐकत फिरतो. मंत्री बोलतात, पुढारी बोलतात, हा बघतो. एवढ्या मोठमोठ्या नटांच्या गर्दीत शेवटी तो हसत सुटलेला माणूसच डोक्यातून जात नाही, कारण आपण सगळा सिनेमा त्याच्या कानांनी ऐकलेला असतो. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम केलेला माणूस हा. झाडांपाशी ऐकायची सवय लागली असेल का, असं मला उगाच वाटतं, त्याला पुरावा काही नाही.

वयाचं म्हणशील तर 'सारांश' आला तेव्हा अनुपम खेर तिशीच्या आतले होते, रोहिणीताई हट्टंगडी तेहतीसच्या. तरुण मुलगा गेलेलं म्हातारं जोडपं केलं दोघांनी. 'अग्निपथ'मध्ये ताई अमिताभच्या आई झाल्या आणि वयाने त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान! शिक्का बसतो हे खरं, जगदीश राज यांच्यावर इतका बसला की १४४ सिनेमांत पोलीसवाला केल्याबद्दल गिनीज बुकात नाव गेलं. मला त्याचं वाईट वाटायचं पूर्वी. आता वाटतं, १४४ वेळा कुणीतरी फोन करून बोलावलं त्यांना.

बरं, मी कोण शहाणा हे सांगणारा, तर ऐक.

२००१ मध्ये मी बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याआधी बावीस वर्षं काउंटर सांभाळून राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, सुट्ट्या टाकून प्रयोग. डॉक्टर लागूंनी १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर चालती सर्जरी सोडली, मी मात्र बँकेने पैसे देऊन घरी पाठवेपर्यंत थांबलो. त्यामुळे माझ्याकडून धाडसाचा सल्ला घेऊ नकोस.

तर दोनेक वर्षांनी एका डेलीसोपमध्ये काम करत होतो, गोरेगावला. माझ्या बहिणीचं काम करणाऱ्या बाई सत्तरीच्या, संगीत नाटकातून आलेल्या. माझा क्लोज आधी घेतला आणि मला दादरहून पुण्याची शेवटची गाडी गाठायची होती. म्हटलं, ताई मी निघू का? त्या म्हणाल्या, निघा की. एवढंच. त्यांच्या क्लोजला समोर काय ठेवलं असेल? लाइटचा स्टँड, माझ्या उंचीवर काळी टेप लावून. पंधरा दिवसांनी एपिसोड लागला तो मी घरी जेवता जेवता बघितला. बाई बोलत होत्या, भावाला घरी परत ये म्हणत होत्या, आणि त्यांची नजर जरा डावीकडे सरकायची आणि परत यायची, परत सरकायची. कुणीतरी तिथे असायला हवं होतं, तसं ती नजर बघत होती. बायको म्हणाली, किती छान केलंय हो यांनी. मला घास गिळेना.

त्यानंतर मी क्यू न देता एकदाही सेट सोडलेला नाही. ताप असताना नाही, रात्री दोनला पॅकअप असताना नाही.

आणि याचं बक्षीस काय मिळालं तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल काका कीर्तन करतायत. एका सिरियलमध्ये हिरोला माझं समोर उभं राहणं खटकायला लागलं. "काका तुम्ही बसा ना, असिस्टंट देईल." मी म्हटलं, मीच देणार. रोज एपिसोड बाहेर काढायचा असतो, तिथे म्हाताऱ्याने वेळ खाल्लेला कुणाला चालतो? सोमवारी मी जिवंत होतो, गुरुवारी भिंतीवर हार घातलेला फोटो. फोटोचे पैसे वेगळे मागायचे राहिले. बायको अजून विचारते, क्यूचे काही वेगळे देतात का हो? नाही देत. पर डे तेवढाच, त्यातून दहा टक्के टीडीएस, आणि चेक नव्वद दिवसांनी, तोही फोन करकरून. मी नमतं घ्यायला हवं होतं का? ते काम असतं तर फ्लॅटचे हप्ते दोन वर्षं आधी संपले असते हे खरं आहे. पण मी बरोबर होतो. त्या हिरोचे पुढचे सीन बघ म्हटलं असतं, पण जाऊ दे, हा माझा खडूसपणा.

मग २०२०. शूटिंगला परत परवानगी मिळाली पण ६५ च्या वरच्यांनी सेटवर यायचं नाही. मी ६७ वर्षांचा. माझ्या कॅरेक्टरला काशीयात्रेला पाठवलं. सत्तर वर्षांच्या एका कलाकाराने कोर्टात धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती अट काढून टाकली, पण मी काही काशीहून परत आलो नाही, लेखक विसरले. तेव्हा घरात बसून मी काय करत होतो? पोरापोरींना फोनवर क्यू देत होतो, त्यांच्या सेल्फ टेस्टसाठी, म्हणजे घरीच मोबाईलवर शूट करून पाठवायच्या ऑडिशनसाठी. त्यांचा मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर, घरातल्या कुणाच्या तरी दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर मी. कुणाचा बाप झालो, कुणाचा इन्स्पेक्टर, दोनदा तर प्रियकर पण झालो, त्या वयात!

सांगलीहून एक मुलगी होती त्यात, तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या वाजायच्या आणि ती दर शिट्टीला "काका परत" म्हणायची. अकरा वेळा दिलं मी ते वाक्य. अकराव्या वेळी तिचा आवाज खरा फाटला आणि ती टेस्ट पास झाली. आठवतंय ना कोण ते? तेव्हा तू मला फर्निचर म्हणाली नव्हतीस.

असो, हे उगाच बोललो, उपकार काढायचे नव्हते, खोडत मात्र नाही.

आता सोडायचं का. लीडच्या ऑडिशन जरूर दे, सुट्टी माग, भांडून माग, तू लीड करू शकतेस हे तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. कॉन्ट्रॅक्टमधला नोटीस पिरियड नीट वाच, आधीचे चेक क्लिअर करून घे, मग निरोप दे. केसांना स्प्रे मारू द्यायचा नसेल तर लीपच्या आधी निघ, माझी काही हरकत नाही.

पण त्या धाकटीचा हॉस्पिटलचा सीन गुरुवारी लागलाय म्हणालीस. तो होईपर्यंत नाही. तिचा क्लोज शेवटी लावतील, रात्रीचे अकरा वाजतील, तुझी गाडी बाहेर हॉर्न देत असेल. मोबाईल स्पॉटदादांकडे दे आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहा.