शाळा म्हणते, ‘विशेष शाळेत घाला’

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत चौथीला आहे. ‘भ-म’, ‘घ-ध’ यांत अजून गोंधळतो. मुख्याध्यापक म्हणतात, विशेष शाळेत घाला. शाळेबाहेरचं कुणी सल्ला देईल का? – एक पालक, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : आधी शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. मुख्याध्यापकांचं म्हणणं लेखी मागा. तोंडी सांगणारे कागदावर लिहायला बहुधा कचरतात.

तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती मोफत सल्ला देते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचे विशेष शिक्षक मदत करतात, पण तेही शिक्षण खात्याचेच.

अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या अडचणीच्या) तपासणीआधी मानसतज्ज्ञांना विचारा, वाचनचाचणी मराठीत घेणार ना? कन्नड किंवा इंग्रजीत घेतली, तर भाषा कच्ची असणं आणि अध्ययन अक्षमता यांची गल्लत होते. इथे हे फार घडू शकतं. शुद्धलेखनाच्या जुन्या वह्या, लाल शाईच्या खुणांसकट, सोबत न्या.

चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ लागू होतं : ६ ते १८ वयात मोफत शिक्षण, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड तुमच्याकडे. अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.