विम्याचे हप्ते आणि बंद पडणारे प्रसूती विभाग

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एका छोट्या गावी असते, तिला सहावा महिना चालू आहे. जवळच्या रुग्णालयाने प्रसूती विभाग बंद केला आणि डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते परवडत नाहीत, असे कारण दिले. हे खरे मानावे का? विमा कंपन्या दाव्यांची माहिती सरकारला देतात ना, मग त्यावरून पडताळणी होत नाही का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. दिलेले कारण निराधार नाही, मात्र एवढ्यावर ते पूर्ण मानू नये. हा विमा म्हणजे उपचारातील चुकीबद्दल रुग्णाने दावा केला, तर डॉक्टरच्या वतीने भरपाई देणारा विमा. जन्मताना बाळाला इजा झाली तर त्याच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च भरपाईत धरला जातो आणि अज्ञान मुलाच्या वतीने दावा करण्याची मुदत अनेक राज्यांत अधिक लांब असते. त्यामुळे प्रसूतितज्ज्ञांचे हप्ते इतर अनेक शाखांहून जास्त असतात. डिसेंबर २००१ मध्ये सेंट पॉल या मोठ्या विमा कंपनीने डॉक्टरांच्या या विम्याचा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले, तेव्हा पर्यायी विमा शोधताना अनेक डॉक्टरांची खरोखरच ओढाताण झाली.

तरीही २००३ मध्ये जनरल अकाउंटिंग ऑफिस या अमेरिकी संसदेच्या तपासणी संस्थेने फ्लोरिडा, मिसिसिपी, नेवाडा, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांत चौकशी केली, तेव्हा प्रसूतीची सोय घटल्याचे आढळले ते विखुरलेल्या, बहुधा ग्रामीण भागांत, आणि तिथे सेवा तुटपुंजी असण्यामागे इतर जुनी कारणेही होती. डॉक्टर निघून गेल्याच्या अनेक बातम्यांना तर आधारच मिळाला नाही.

माहितीबाबत आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. डॉक्टरच्या वतीने भरपाई दिली की तीस दिवसांत ती नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक या केंद्र सरकारच्या नोंदसंग्रहाला कळवावी लागते. ही व्यवस्था १९९० पासून चालू आहे. पण भरपाईविना मिटलेले दावे, त्यांवर झालेला वकिलांचा खर्च आणि आकारलेला हप्ता यांची नोंद तिथे होत नाही. सामान्य नागरिकाला डॉक्टरचे नावही पाहता येत नाही. मिटलेल्या दाव्यांचा तपशील काही राज्यांचे विमा विभाग मागवतात, पण प्रत्येकाचा नमुना वेगळा. ज्या कारणासाठी गरोदर बाईला दूरवर पाठवले जाते, ते तपासण्याइतकी माहितीही लोकांसमोर नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.

रुग्णालयाचा जमाखर्चही पाहायला हवा. त्या देशातील सुमारे चाळीस टक्के प्रसूतींचा खर्च मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना उचलते आणि तिचे दर खासगी विम्यापेक्षा कमी असतात. उलट प्रसूती थोड्या असल्या तरी परिचारिका आणि भूलतज्ज्ञ यांची सोय चोवीस तास ठेवावीच लागते. म्हणून मुलीने रुग्णालयाला हप्ता किती वाढला आणि वर्षाला किती प्रसूती होत होत्या, हे दोन्ही विचारावे. त्याआधी, कळा अवेळी सुरू झाल्यास कोणत्या रुग्णालयात जायचे, वाटेत किती वेळ लागेल आणि तिची कागदपत्रे तिथे आधीच पोहोचवता येतील का, हे तिने आपल्या डॉक्टरांकडून याच महिन्यात ठरवून घ्यावे.