हलका तंगूस आणि स्पिनिंग रॉड : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलीकडे टेक्सासला निघालो आहे. तिथल्या तळ्यात बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडण्यासाठी जावई स्पिनिंग रॉडच घ्या म्हणतात. बेटकास्टिंग का नको? (कोथरूड)

उत्तर : जावईबापूंचे म्हणणे रास्त आहे. बेटकास्टिंग रीलचे रीळ, म्हणजे तंगूस गुंडाळलेला गोल भाग, फेकीबरोबर स्वतः फिरते आणि तीन-चार ग्रॅमच्या आमिषात ते नीट फिरवण्याइतका जोर नसतो; त्यामुळे फेक जवळच पडते किंवा रीळ पुढे धावून तंगुसाचा गुंता होतो. स्पिनिंग रीलचे रीळ स्थिर असते आणि तंगूस त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून हलके आमिषही लांब जाते. ती वेटोळी आवरण्यासाठीच रॉडची पहिली कडी मोठी असते. सहा ते आठ पौंडी (तेवढ्या वजनाचा ताण सोसणाऱ्या) तंगुसासाठी सात फुटांच्या आसपासचा, मीडियम लाइट ताकदीचा, मुख्यतः शेंड्याकडे वाकणारा रॉड घ्यावा आणि त्या राज्याचा मासेमारी परवाना आधी काढावा.

प्रश्न : अमेरिकेतील मुक्कामात तीन चांगले बास गळाला लागून सहा पौंडी तंगूस तोडून गेले. जाड तंगूस लावावा का? (औंध)

उत्तर : त्याआधी तुटलेले टोक पाहा. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ असेल तर गाठ सुटली आहे. टोक खरखरीत असेल तर तंगूस दगडाला किंवा लाकडाला घासला आहे. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावीच, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो.

टोक स्वच्छ तुटलेले असेल तर बहुधा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस सुटू देणारा रीलचा ब्रेक, फार घट्ट होता. तो तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर असावा, म्हणजे सहा पौंडांना साधारण ७०० ते ९०० ग्रॅम. हाताच्या अंदाजावर हे सोडू नका. घरातला ताणकाटा तंगुसाला बांधून ओढा आणि त्या वजनाला रीलमधून तंगूस सुटतो का, हे डोळ्यांनी पाहा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवू नये, कारण मासा जवळ येत नाही आणि तंगुसात मात्र पिळावर पीळ भरत जातो. बारीक तारेच्या गळाला जोरदार हिसकाही लागत नाही. तंगूस ताणून घेत रॉड एका बाजूला सलग ओढला की गळ बसतो. एवढे करूनही जाड तंगूस हवासा वाटला तर जरूर लावा, पण मला तशी वेळ येईल असे वाटत नाही.

प्रश्न : ब्रेड (विणलेला तंगूस) लावू की फ्लुरोकार्बनचा तंगूस? (सहकारनगर)

उत्तर : दोन्ही. रीळावर दहा पौंडी ब्रेड आणि पुढे सहा-आठ फूट फ्लुरोकार्बन. गुळगुळीत रीळावर ब्रेड घसरतो, म्हणून तळाशी थोडा नायलॉन गुंडाळावा.

प्रश्न : बासची पिल्ले पानशेतमध्ये सोडता येतील का? तोच रॉड इथे चालेल का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : पिल्ले कृपा करून सोडू नका. जपानमध्ये १९२५ साली बास आणला गेला. तिथल्या बिवा सरोवरात २००९ साली पकडलेल्या बासने अमेरिकेतील १९३२ च्या वजनाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पण मूळच्या लहान माशांवर त्याने असा ताव मारला की, आज तिथे बास पाळण्यावर आणि जिवंत वाहून नेण्यावर कायद्याने बंदी आहे. रॉड मात्र चिलापीला उत्तम चालेल. मरळीला नको, ती थेट शेवाळात घुसते आणि तिथून तिला बाहेर काढणे हलक्या तंगुसाचे काम नाही. धरणावर जाण्यापूर्वी मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी घ्यावी.