‘आयसोटोप आला नाही’ म्हणजे नेमकं काय?

ताई, सासऱ्यांचा बोन स्कॅन दोनदा पुढे गेला, ठाण्याच्या सेंटरने ‘आयसोटोप आला नाही’ एवढंच सांगितलं, आणि ट्रॉम्बेला अणुभट्टी असताना असं का, हा तुमचा प्रश्न. मी नवी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनच्या हॉट लॅबमध्ये (किरणोत्सारी इंजेक्शनं तयार करतात ती खोली) २६ वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम लागतं; तोच हा आयसोटोप, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य. दर ६ तासांनी ते निम्मं होतं, त्यामुळे त्याचा साठा करणं शक्यच नाही. सेंटरमध्ये असतो तो जनरेटर, म्हणजे शिशाच्या कवचातलं मॉलिब्डेनम-९९. त्यापासून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि सकाळी सलाइन सोडून ते काढून घेतात. आम्ही त्याला धार काढणं म्हणायचो. पण हे ‘मोली’सुद्धा ६६ तासांत निम्मं होतं. शुक्रवारी सकाळचं सोमवारी सकाळी निम्म्याहून कमी उरतं. दर आठवड्याला ताजा जनरेटर आला नाही, की पेशंट परत पाठवावे लागतात.

आपल्याकडे काहीच बनत नाही, असं मात्र समजू नका. ट्रॉम्बेची ध्रुव भट्टी १९८५ पासून आहे. तिथे तयार झालेल्या आयसोटोपची औषधं वाशीला ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत बनतात. थायरॉइडसाठीचं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ल्युटेशियम-१७७ साधारण पावणेसात दिवसांत. त्यामुळे ही दोन्ही देशभर पाठवता येतात. ल्युटेशियम तर गाठीवर उपचारही करतं आणि कॅमेऱ्यात दिसतंही. ते इथे खाडीकाठी तयार होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडतं ते मोलीपाशी. भट्टीत साधं मॉलिब्डेनम ठेवलं, तर त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी होतो. बाकीचं साधंच राहतं, म्हणून जनरेटरचा कॉलम (मोली धरून ठेवणारी नळी) मोठा लागतो आणि टेक्नेशियम पातळ मिळतं. युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणू फोडून, मिळणारं मोली खूप तीव्र असतं, पण ते वेगळं काढायला जाड भिंतींआडचा स्वतंत्र प्लांट लागतो. आपल्या शास्त्रज्ञांनी साध्या मोलीपासून जेल जनरेटर (मोली जेलच्या रूपात भरलेला) बनवला, ते मोठंच काम होतं. तरीही बऱ्याच सेंटरांची मदार बाहेरच्या मोलीवर राहिली.

त्याचे चटके मी पाहिलेत. मे २००९ मध्ये कॅनडाची एनआरयू भट्टी बंद पडली. जगाचं साधारण एकतृतीयांश मोली तिथून यायचं. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधली पेटेनची भट्टीही काही महिने दुरुस्तीला गेली. त्या काळात उरणहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एका आजोबांना मला ‘आज नाही’ सांगावं लागलं. ते काही न बोलता उठले. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की एका ध्रुववर भागणार नाही. भट्टी म्हटली की देखभालीसाठी ती थांबणारच, तेव्हा दुसरी चालू हवी. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने खासगी भागीदारीतून वैद्यकीय आयसोटोपसाठी भट्टी उभारण्याची घोषणा केली. ती उभी राहायलाच हवी, आणि तिच्या शेजारी मोली वेगळं काढणारा प्लांटही.

आता तुमचं. जनरेटर कोणत्या वारी येतो ते सेंटरला विचारा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबावं लागतं. डॉक्टरांनी मना केलं नसेल, तर तेवढ्यात भरपूर पाणी प्यायला द्या. उपचाराचा निर्णय स्कॅनवर अडला असेल, तर पीएसएमए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीचा) किंवा फ्लोराइड पेट स्कॅन चालेल का, हे ऑन्कोलॉजिस्टना विचारा. त्यांना मोली लागत नाही. त्यातलं फ्लोरिन-१८ तर भट्टीत नाही, सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात बनतं; देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ पासून परळलाच आहे. मात्र फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. डोस तुमच्या वेळेच्या हिशेबाने मागवलेला असतो. कळवा पुलावर गाडी अडकू शकते, तेव्हा घरून तासभर आधीच निघा.