पहिली ऑनलाइन सभा लावण्यापूर्वी

आपण ऑनलाइन सभांच्या आधाराने दारू सोडायचे ठरवले आहे, हे चांगले आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ मोबाइलच्या भरवशावर एकदम दारू बंद करू नये, कारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काहींना जिवावर बेतणारा भ्रम होतो. आधी डॉक्टरांना आपले खरे प्रमाण सांगावे, अर्धे नव्हे.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभा आता व्हिडिओवरही होतात व तेथे आडनाव सांगावे लागत नाही. कोण कोणाच्या पडवीत बसला हे तिन्हीसांजेपर्यंत वाडीभर होणाऱ्या आपल्या वेंगुर्ल्यात ही गुप्तता मोलाची आहे. परंतु तिच्याच आडोशाने मी सहा महिने कॅमेरा बंद ठेवून नुसता ऐकत राहिलो आणि दोनदा घसरलो. फरक पडला तो बोलू लागल्यावर, आणि एका जुन्या सदस्याला रोज फोन करू लागल्यावर.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, हात रिकामे असतात आणि गोव्याची स्वस्त दारू जवळच असते. त्या दिवसांत संध्याकाळची सभा चुकवू नये. पावसात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात, म्हणून त्या सदस्याचा क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावा आणि खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही लिहावा, कारण त्याला इंटरनेट लागत नाही.