‘सूत्र पाठ आहे, तरी कप्पीचं गणित चुकतं’

विज्ञान शाखेत नव्याने गेलेल्या मुलांची एक तक्रार मला वरचेवर ऐकू येते. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळतं, स्वतः करायला घेतलं की उत्तर भलतंच येतं. म्हणजे आपल्याला फिजिक्सचं डोकंच नाही. एक मुलगी आईबरोबर आली ती याच निष्कर्षावर पोचून. विषय बदलावा का, एवढंच आईला विचारायचं होतं.

अशा वेळी मी आधी वही मागते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी हाच विषय शिकवत होते, त्यामुळे वही वाचायची सवय आहे. ‘जमत नाही’ हे सांगणं फार मोघम असतं. वहीत मात्र चूक कुठल्या ओळीत आहे ते दिसतं.

हिची अडचण होती कप्पीवरून गेलेल्या दोरीला बांधलेल्या दोन वस्तुमानांची. एका बाजूला ३ किलो, दुसऱ्या बाजूला २ किलो. दोरी न ताणणारी, कप्पी वजनहीन, घर्षण नाही. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, काढा. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : दोरीतला ताण = ३ × ९.८ = २९.४ न्यूटन (९.८ म्हणजे गुरुत्वत्वरण). पुढची आकडेमोड स्वच्छ होती, खाडाखोडही नव्हती.

मी म्हटलं, “३ किलोला पृथ्वी २९.४ ने खाली ओढतेय आणि दोरी २९.४ ने वर. मग ते कुठे जाईल?”

“कुठेच नाही,” ती म्हणाली. जरा थांबून, “पण मॅडम, ते तर खाली जायला हवं.”

“मग ताण?”

“कमी हवा. २९.४ पेक्षा कमी.”

२ किलोचं तिने न विचारता सांगितलं : ते वर जातंय, म्हणजे ताण त्याच्या वजनापेक्षा, १९.६ पेक्षा, जास्त. एकही समीकरण न मांडता ताण कुठल्या दोन आकड्यांमध्ये असणार हे तिला कळलं होतं. ज्याला डोकं नाही त्याला हे सुचत नाही, असं मी आईला तिथेच सांगितलं.

ताण म्हणजे टांगलेलं वजन, हा तिचा समज कुठून आला तेही उघड होतं. वस्तू स्थिर लटकत असेल तर ते खरंच असतं, आणि आधीच्या धड्यातली बहुतेक उदाहरणं स्थिर वस्तूंची होती. समज चुकीचा नव्हता, त्याची मर्यादा कुणी दाखवली नव्हती.

मग प्रत्येक वस्तुमानाची वेगळी आकृती काढली आणि ते ज्या दिशेने सरकतं ती दिशा धन धरली. ३ किलोसाठी : २९.४ − ताण = ३ × त्वरण. २ किलोसाठी : ताण − १९.६ = २ × त्वरण. बेरीज केली की ताण उडतो, ९.८ = ५ × त्वरण उरतं. त्वरण १.९६ मीटर प्रतिसेकंद वर्ग, ताण २३.५२ न्यूटन. तिने सांगितलेल्या दोन आकड्यांच्या दरम्यानच.

‘सूत्र पाठ आहे’ याचा घोळ पुढच्या उदाहरणात सापडला. ३ किलो गुळगुळीत टेबलावर, २ किलो कडेवरून खाली लटकलेलं. तिने इथे कप्पीचं पाठ केलेलं सूत्र लावलं : वजनांमधल्या फरकाला एकूण वस्तुमानाने भागलं. पण टेबलावरच्या वस्तूचं वजन टेबल पेलतं, दोरीच्या दिशेने ते ओढतच नाही. ओढणारं बल फक्त १९.६, हलणारं वस्तुमान ५ किलो, त्वरण ३.९२, ताण ११.७६. पाठ केलेलं सूत्र बरोबर होतं, फक्त दुसऱ्या आकृतीचं होतं. म्हणून या प्रकरणात सूत्र पाठच करू नये, असं माझं मत आहे. शिक्षकांना ते पटत नाही.

“पण असल्या कप्प्या असतात तरी कुठे?” हा तिचा प्रश्न मला आवडला. इंग्रज गणितज्ञ जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ मध्ये कप्पी आणि दोन वजनांच्या या यंत्राचं वर्णन केलं. वस्तू मोकळी पडताना इतक्या लवकर वेग घेते की मोजणं अवघड. दोन्हीकडे सारखी वजनं टांगून एकीकडे थोडंसं जास्त ठेवलं की तीच गती संथ होते. समजा दोन्हीकडे ५०० ग्रॅम आणि एकीकडे २० ग्रॅम जास्त; त्वरण सुमारे ०.१९ येतं. गुरुत्वत्वरणाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी, आरामात मोजण्याजोगं.

दिशा चुकीची धरली तर काय, ही भीतीही मुलांना फार असते. घर्षण नसेल तर काही बिघडत नाही. त्वरण ऋण येतं, म्हणजे गती उलट दिशेने आहे इतकंच. घर्षण असेल तर मात्र दिशा बदलून समीकरणं नव्याने मांडावी लागतात, कारण घर्षणाची दिशाही बदलते.

विषय बदलायचं तूर्त थांबवा, असं मी आईला सुचवलं. मुलीला एकच काम दिलं : समीकरण मांडण्याआधी ताण कुठल्या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल ते समासात लिहायचं. पुढच्या भेटीत ती सरकत्या कप्पीचं, म्हणजे कप्पी स्वतःच वरखाली होते तसलं, गणित घेऊन आली. तिथे दोन्ही वस्तूंचं त्वरण सारखं धरल्याने उत्तर चुकलं होतं. कप्पी जेवढी वर येते त्याच्या दुप्पट दोरीचं मोकळं टोक सरकतं, हे आम्ही दोरीची लांबी मोजून पाहिलं. त्या दिवशी डोक्याचा विषय निघाला नाही, दोरीचाच निघाला.